घाबरलेल्यांची कमिटी

आईला शारजाला आणलं तेव्हा घरात शिरल्या शिरल्या तिने आधी दार पाहिलं. पाणी नको म्हणाली. चपला तशाच पायात. आतून कडी आहे का, साखळी आहे का, बाहेर बघायला भोक आहे का, हे सगळं हाताने चाचपून झालं आणि मगच ती सोफ्यावर बसली. जेवणं झाल्यावर डायनिंगची एक खुर्ची उचलून तिने दाराला टेकवून ठेवली.

माझी मुलगी म्हणाली, "आज्जी, वी आर ऑन द थर्टीन्थ फ्लोअर. हू विल कम?"

"येणारे लिफ्टने येतात," आई म्हणाली.

नाशिकला तिच्या घरात भर दुपारी दोन माणसं गॅसची पाइपलाइन तपासायला म्हणून शिरली होती. तिने त्यांना पाणीसुद्धा विचारलं होतं. त्यांनी तिच्याच साडीने तिचे हात मागे बांधले, पाटल्या उतरवून घेतल्या, कपाट उचकलं आणि जाताना टीव्हीचा आवाज मोठा करून गेले. शेजारी सगळे घरात होते. कुणाला काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी दूधवाल्याने दार ढकललं तेव्हा ती सुटली. पोलीस चौकीतल्या माणसाने तिला विचारलं, "या वयात एकट्या राहता कशाला?" तो प्रश्न तिला त्या दोघांपेक्षा जास्त लागला असं मला अजूनही वाटतं. मी विमानाने गेले, घर बंद केलं, तिचा व्हिसा काढला आणि तिला घेऊन आले.

माझी आई नगरपालिकेच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवायची. एकदा कुणी मोठे पुढारी शाळेला भेट देणार होते म्हणून सगळी मुलं सकाळपासून मैदानात उन्हात उभी केली होती. तिने आपला वर्ग उचलला आणि चिंचेच्या झाडाखाली नेऊन बसवला. मुख्याध्यापक धावत आले. ती म्हणाली, "पाहुणे आले की उठतील." तिची पगारवाढ त्या वर्षी अडली. मी त्याच वर्गात बसले होते आणि घरी येऊन वडिलांना सांगताना मला आपल्या आईचा केवढा अभिमान वाटला होता.

त्याच आईला आता शारजा फार आवडायला लागलं, आणि का आवडतंय हे ऐकून मला त्रास व्हायला लागला.

मॉलमधल्या फूड कोर्टात एक बाई टेबल अडवायला आपली पर्स टेबलावर ठेवून काउंटरकडे गेली. आई जेवण सोडून त्या पर्सकडे बघत बसली. बाई परत आली, पर्स तिथेच. "बघितलंस?" आई म्हणाली. "याला म्हणतात राज्य. माणसाला भीती पाहिजे." मग रोज सकाळी मामाशी फोनवर तेच. तिकडे एक खमक्या माणूस पाहिजे, बाकीच्यांनी तोंड बंद ठेवायचं. कोर्ट नको, वकील नको, चौकात उभं करायचं आणि फोडून काढायचं.

"कोर्ट नको?" मी एकदा चहा ओतता ओतता म्हटलं. "आई, तू आम्हाला काय शिकवायचीस?"

"पुस्तकातलं शिकवायचे. पुस्तकं लिहिणाऱ्यांचे हात कुणी बांधले नव्हते."

तरी मी बोलायचे. आमची जुंपायची. नवरा म्हणायचा, "अगं, सोड ना. म्हाताऱ्या माणसाची मतं कशाला बदलायला जातेस?" पण माझ्यासाठी ती म्हाताऱ्या माणसाची मतं नव्हती. चिंचेखाली वर्ग नेऊन बसवणारी बाई माझ्या डोळ्यांसमोर नाहीशी होत होती आणि मला ती अशी सोडून द्यायची नव्हती.

हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ज्या दिवशी आईची दुपार बरी जायची, म्हणजे ती खाली बागेत जायची, सोलापूरच्या आणि कोल्हापूरच्या आज्यांबरोबर लोणच्यांवर वाद घालून यायची, त्या दिवशी संध्याकाळी तिचं राजकारण मवाळ असे. बातम्या बघून ती नुसती "चालायचंच" म्हणे. आणि ज्या दिवशी ती दुपारभर एकटी घरात बसायची आणि कॉरिडॉरमधल्या पावलांचे आवाज ऐकत राहायची, त्या दिवशी मी घरी येईपर्यंत तिने निम्म्या देशाला फाशी दिलेली असे. देश तोच, बातम्या त्याच. बदललेली असायची ती फक्त तिची दुपार.

अशाच एका दुपारी तिचा फोन आला. मी दुबईत रास अल खोरला एका कंपनीत काम करते. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांना लागणाऱ्या शेगड्या, ओव्हन, भांडी असला माल आम्ही पुरवतो. फोनवर ती कुजबुजत होती.

"कुणीतरी दाराचं हँडल फिरवतंय."

"डिलिव्हरीवाला असेल, आई."

"बेल वाजवत नाहीये. नुसतं फिरवतोय. थांबतोय, परत फिरवतोय."

मी गाडी काढली. दुबईहून शारजाकडे येताना अल नहदाच्या तोंडाशी जो ट्रॅफिक असतो तो त्या दिवशीही होता. घरी पोचले तेव्हा आई बाथरूममध्ये आतून कडी लावून बसली होती. दार उघडलं तर तिने दोन्ही मनगटं छातीशी धरली होती, एकमेकांवर दाबून, बांधल्यासारखी.

वॉचमनने कॅमेऱ्यात पाहून सांगितलं. आमच्या बरोबर डोक्यावर, चौदाव्या मजल्यावर, लाहोरचं एक कुटुंब राहायचं. नवराबायको आणि त्यांचा मुलगा. मुलगा म्हणजे चांगला दाढी आलेला, खांद्याने रुंद, पण समज चारपाच वर्षांच्या पोराची. त्याने लिफ्टमध्ये चुकून तेरा दाबलं होतं. आपलंच घर समजून हँडल फिरवत राहिला. उघडेना, तेव्हा निघून गेला. बस, एवढंच.

मी आईला सगळं समजावून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "हे तर आणखी वाईट. चोराला निदान पोलिसाची भीती असते."

गोष्ट तिथे संपायला हवी होती. पण शेजारणीने मला धावत येताना पाहिलं होतं आणि तिने बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकलं: तेराव्या मजल्यावर एका सीनियर सिटिझनच्या घरात शिरायचा प्रयत्न. संध्याकाळपर्यंत त्या ग्रुपवर काय काय आलं ते वाचता वाचेना. कुणाच्या दारातले बूट गेले होते, कुणाच्या मुलीकडे लिफ्टमध्ये कुणीतरी बघितलं होतं, कुणाला वाटत होतं की हल्ली बिल्डिंगमध्ये "कसलेही लोक" येतात. त्या दिवसांत आमच्यातल्या बऱ्याच घरांत नोकऱ्या डळमळत होत्या. इथे नोकरी गेली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की मुलांची शाळा, घर, सगळं आवरून निघायचं. या भीतीबद्दल ग्रुपवर कुणी अक्षर लिहीत नसे. लिहून करणार काय आणि सांगणार कुणाला? हँडल फिरवणाऱ्या माणसाबद्दल मात्र सगळ्यांना लिहिता येत होतं.

आठव्या मजल्यावर आमच्यातलेच एक गृहस्थ राहायचे, कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा असलेले. त्यांनी पुढाकार घेऊन सिक्युरिटी कमिटी काढली. माणूस वाईट नव्हता. माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलच्या फेऱ्या त्यांनीच मारल्या होत्या. त्यांची मुलगी कॉलेजला पुण्याला जायची होती, एकटी, हॉस्टेलवर, आणि त्या काळजीने त्यांची झोप उडाली होती. हे त्यांच्या बायकोने मला सांगितलं होतं. पुण्यात त्यांना काही करता येत नव्हतं. इथे येत होतं.

पहिले नियम सगळ्यांनाच पटले. डिलिव्हरी लॉबीतच घ्यायची, मागचं दार बंद ठेवायचं. मग कामवाल्या बायकांनी गळ्यात ओळखपत्र अडकवायचं. मग मुलांनी मोठ्या माणसाशिवाय खाली जायचं नाही. मग कॅमेऱ्यातले फोटो ग्रुपवर यायला लागले: हा कोण? ही कोण? कुणाकडे आली होती? एकदा त्यात एका फिलिपिनो नर्सचा फोटो होता. ती आमच्याच बिल्डिंगमध्ये कित्येक वर्षं राहत होती. मी ग्रुपवर लिहिलं की हे बंद करा, ही आपली शेजारीण आहे. उत्तरात कुणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, "सेफ्टी फर्स्ट."

आईला कमिटी फार आवडली. ते गृहस्थ येऊन तिची चौकशी करायचे, "काकू, आता बरं वाटतंय ना?" आणि तिला खरोखरच बरं वाटत होतं. खुर्ची दारापासून हलली. मी काय बोलणार?

मग ठरलं की चौदाव्या मजल्यावरचं कुटुंब बिल्डिंगमध्ये नको. रिअल इस्टेटच्या ऑफिसला सगळ्यांच्या वतीने तक्रार द्यायची, त्यांचं काँट्रॅक्ट पुढे वाढवू नका म्हणून. शनिवारी सकाळी खालच्या पार्टी हॉलमध्ये मीटिंग ठेवली. आईने यायचं आणि काय घडलं ते सांगायचं, असं ते गृहस्थ घरी येऊन सांगून गेले.

"तू जाणार नाहीस," मी आईला म्हटलं.

"मी जाणार. माझ्या बाबतीत घडलंय."

"तुझ्या बाबतीत जे घडलं ते नाशिकला घडलं, आई."

ती साडी बदलायला गेली. इस्त्रीची, शाळेत नेसायची तसली साडी.

हॉल भरला होता. मुलांच्या वाढदिवसाचे फुगे अजून कोपऱ्यात होते. आईने उभं राहून हिंदीत सांगितलं, स्वच्छ, वर्गात सांगावं तसं. हँडल कसं फिरत होतं, ती कुठे लपली, किती वेळ बसली. ती सांगत असताना बायका डोळे पुसत होत्या. ती एक शब्दही खोटं बोलत नव्हती.

ते गृहस्थ म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा." आईचा हात पहिला वर गेला. मग सगळ्यांचे. माझ्या नवऱ्याचा हात मांडीवर होता, पण तो खाली बघत होता.

मी उभी राहिले.

"त्या घरच्यांना बोलावलंय का?" मी विचारलं.

"वहिनी, त्यांना बोलावून काय करायचं? फॅक्ट्स क्लिअर आहेत."

"त्यांना घराबाहेर काढायचं ठरवतोय आपण. त्यांना माहीत तरी आहे?"

"वहिनी, प्रत्येक गोष्टीत चर्चा करत बसलो तर काही होणार नाही. कुणीतरी ठरवावं लागतं. आणि तुमच्या स्वतःच्या आई घाबरल्यात. बाकी कुणाचं सोडा, त्यांचा तरी विचार करा."

"घाबरली आहे ती. मला दिसतंय. तिची भीती खरी आहे. पण ती घाबरली म्हणून तो मुलगा गुन्हेगार होत नाही."

हॉलमध्ये चुळबुळ झाली. आई माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तू त्या दुपारी नव्हतीस."

कुठल्या दुपारी, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. दोन्ही दुपारी मी नव्हते. मी क्षणभर खाली बसणार होते. मग वाटलं, आत्ता बसले तर मी कायमची बसेन. मी म्हटलं, "पाच मिनिटं थांबा," आणि हॉलच्या बाहेर पडले.

चौदाव्या मजल्यावर बेल वाजवली. दार त्या बाईंनीच उघडलं. माझ्याच वयाच्या, हाताला पीठ लागलेलं. मी त्यांना काय चाललंय ते सरळ सांगितलं. सांगताना मला शरम वाटत होती, पण गोड करून सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेरे शौहर तो काम पर हैं." आणि जरा वेळाने, "चलिए." हात धुतले, ओढणी घेतली आणि मुलालाही बरोबर घेतलं. त्याला घरात एकटं ठेवता येत नव्हतं.

आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा बोलणी थांबली. मुलगा दारापाशीच थांबला आणि हॉलच्या दाराचं हँडल खालीवर करायला लागला. खट्, खट्. त्याला तो आवाज आवडत होता, चेहऱ्यावरून कळत होतं. आईने खुर्ची मागे सरकवली.

त्या बाई तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आंटी, आप को इस की वजह से तकलीफ़ हुई. मुझे किसी ने बताया ही नहीं. मैं उसी दिन आ जाती."

आई त्यांच्याकडे न बघता मुलाकडे बघत होती. म्हणाली, "मुझे इससे डर लगता है."

"जी," त्या म्हणाल्या. "मुझे आप सब से लगता है."

तो खट् खट् आवाज तेवढा चालू होता. मागच्या रांगेतले दोघेतिघे काहीतरी काम असल्यासारखे उठून गेले. आठव्या मजल्यावरच्या गृहस्थांनी घसा साफ केला आणि म्हणाले की बहुमत झालेलं आहे, तक्रार जाईलच, यात पर्सनल काही नाही.

तेव्हा आई उठली. त्यांच्याजवळ गेली. "माझं नाव घालू नका," ती म्हणाली.

"काकू, पण तुमच्यासाठीच तर—"

"माझ्यासाठी नको. मी घाबरले ते माझं मी बघते. त्यात हिचं घर कशाला?"

आणि ती माझ्याकडे न बघता लिफ्टकडे चालायला लागली.

तक्रार गेली की नाही मला माहीत नाही. गेली असली तरी ज्या बाईच्या दारावर सगळं घडलं तिचंच नाव त्यात नव्हतं. चौदाव्या मजल्यावरचं कुटुंब अजून तिथेच आहे. मला त्या संध्याकाळी ग्रुपमधून काढून टाकलं. संक्रांतीला हळदीकुंकवाची बोलावणी कमी आली. लिफ्टमध्ये काही जणी मोबाइलमध्ये बघायला लागल्या. नवरा म्हणाला, "तुला काय मिळालं यातून?" मी म्हटलं, "काही नाही." आणि खरंच काही मिळालं नव्हतं. पण पुन्हा तीच वेळ आली तर मी पुन्हा चौदावा मजला दाबीन, एवढं मला ठाऊक होतं आणि ते त्याला सांगितलं. तो हसला नाही, पण दुसऱ्या दिवशी तोही ग्रुपमधून बाहेर पडला. मला न सांगता.

आईने माझ्याशी बरेच दिवस अबोला धरला. चार लोकांत मी तिला खोटं पाडलं, असं तिचं म्हणणं होतं. मी म्हटलं खोटं नाही पाडलं. ती म्हणाली, तेच ते. मामाशी फोन चालूच होते आणि त्यात खमक्या माणूसही होता. मला वाटलं होतं की त्या मीटिंगनंतर ती बदलेल, पूर्वीची होईल. तसं काही झालं नाही. भीती जात नाही इतक्या सहज. लिफ्टमध्ये तो मुलगा असला तर ती पुढच्या लिफ्टची वाट बघते, अजूनही. तो मात्र तिला बघून ओळखीचं हसतो.

मग एके दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, आठव्या मजल्यावरचे गृहस्थ आमच्या दारात आले. मी त्या दिवशी घरी होते. ते माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलले आणि आईला म्हणाले, "काकू, कमिटीने एक ठरवलंय. तुमच्याच काळजीपोटी. सीनियर सिटिझन्सनी एकट्याने खाली उतरायचं नाही. घरातलं कुणी बरोबर हवं. वॉचमनलाही सांगून ठेवलंय."

आई हातातली शेंग मोडत होती. "हे कुणी ठरवलं?"

"कमिटीने."

"मला विचारलंत?"

"काकू, अहो, प्रत्येकाला कुठे विचारत बसणार? तुम्हीच म्हणत होता ना, कुणीतरी कडक पाहिजे म्हणून."

"म्हणत होते," आई म्हणाली. शेंगांचं ताट तिने माझ्या हातात दिलं. "ते दुसऱ्यांसाठी म्हणत होते."

ती आत गेली, पिशवी घेऊन आली, चपला घातल्या. त्यांच्या शेजारून कॉरिडॉरमध्ये गेली आणि लिफ्टचं बटण दाबलं. मी पाठोपाठ निघाले तर म्हणाली, "तू कुठे निघालीस? मी एकटी चालले आहे."

ते गृहस्थ माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "चहा घेणार का?" ते नको म्हणाले.

मी बाल्कनीत गेले. वरून ती दिसत होती. वॉचमन तिच्यापुढे काहीतरी बोलत उभा होता आणि ती हात हलवून त्याला काहीतरी सांगत होती. मग तो बाजूला झाला. उन्हातून ती पलीकडच्या ग्रोसरीकडे चालत गेली, रस्ता ओलांडताना एक टॅक्सी तिच्या फारच जवळून गेली, आणि ग्रोसरीच्या पुढच्या वळणावर ती दिसेनाशी झाली. ग्रोसरीत ती शिरलीच नव्हती.

माझ्या मनात काय काय आलं ते मी प्रामाणिकपणे सांगते. या वयात, या उन्हात, इथली भाषा धड येत नाही, फोन टेबलावर विसरलेली. वाटलं, खाली पळत जावं, हाताला धरून आणावं, दाराला कुलूप लावावं आणि उद्यापासून तिला सांगावं की माझ्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही. का, कशाला, काही विचारायचं नाही. मी सांगते म्हणून. असं वाटायला मला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मी बाल्कनीच्या कठड्याला धरून उभी राहिले आणि खाली गेले नाही. शेंगा निवडायच्या राहिल्या होत्या, त्या आणून तिथेच बसून निवडत राहिले. निवडून झाल्या तरी ती आली नव्हती. मग आली, घामाने चिंब, पिशवीत कोथिंबिरीची जुडी आणि एक कलिंगड, आणि दार मी पुरतं उघडायच्या आत म्हणाली, "मागच्या गल्लीत एक दुकान आहे. दुकानवाला बंगाली आहे, पण हिंदी चांगलं बोलतो. उद्या त्याच्याकडे मेथी येणार आहे."

"बरं," मी म्हटलं.